लाल चपटे किडे: आधी नळी, मग औषध

२०२१ च्या पावसाळ्यात माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली क्लाउन माशाची मादी गेली, ती माझ्या घाईमुळे. सहा वर्षं ती माझ्याकडे होती. म्हणून टाकीत होणाऱ्या लाल चपट्या किड्यांवर, म्हणजे फ्लॅटवर्मवर, उपाय कुणी विचारला की मी औषधाचं नंतर बोलते, किडे ओढून काढायच्या नळीचं आधी.

टाकी तीन फुटी, सुमारे १८० लिटरची, ठाण्याच्या घरात. दगडी पोवळी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे माझ्याकडे मशरूम, झोअँथिड आणि एक लेदर ही दगडी सांगाडा नसलेली पोवळी, एवढंच. किडे आले मशरूमच्या एका दगडावरून. विटकरी रंग, तांदळाच्या दाण्याहून लहान, शेपटीला तीन टोकं. पहिले आठ-दहा दिसले तेव्हा मी मुलीला हाक मारून दाखवले होते. दोन महिन्यांत मशरूम दिसेनासे झाले, वर नुसता गंजाचा थर.

हे किडे पोवळी खात नाहीत. त्यांच्या अंगात शैवाल राहतं, त्याला ऊन हवं, म्हणून ते दिव्याखाली पसरतात आणि खालच्या मशरूमचा उजेड अडवतात. पाण्याचा प्रवाह मंद असेल तिथे हमखास. शास्त्रीय नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेम्मा. रेट्रो म्हणजे मागे, जेम्मा म्हणजे कळी. आईच्या मागच्या टोकाला पिल्लू उलट्या तोंडाने फुटतं आणि सुटून आपल्या वाटेने जातं. जोडीदार लागतच नाही. दगडाच्या फटीत एक जरी उरला तरी काही आठवड्यांत पुन्हा तेच.

त्या वर्षी मी औषध आणलं आणि सरळ टाकीत ओतलं. अर्ध्या तासात किडे सुटून पाण्यात तरंगायला लागले, मला आनंद झाला. ह्या किड्यांच्या अंगात विष असतं आणि मेल्यावर ते पाण्यात उतरतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मादी तळाशी आडवी, कल्ले भराभर हलतायत. पाणी बदलायला तयार खारं पाणी दहाच लिटर होतं, विष शोषून घेणारा कार्बन पाकिटातच. रात्री अकराला ती गेली. नर वाचला. पुढे मी एक लहान क्लाउन आणला तेव्हा तो नरच मादी झाला. क्लाउन माशांत असं होतं, पण डोळ्यांसमोर घडताना मला रडू आलं.

जुन्नरच्या मामाला हे सांगितलं. फ्लॅटवर्मवर टाकीवाले लेव्हामिझोल हे जंतांचं औषध वापरतात म्हटल्यावर तो म्हणाला, "अगं, तेच आम्ही शेळ्यांना पाजतो. वजन बघून द्यायचं, आणि एकदा देऊन भागत नाही." दोन्ही गोष्टी टाकीलाही लागू. फक्त शेळीची बाटली टाकीत ओतू नका, तिची ताकद शेळीच्या हिशेबाची असते. मी टाकीसाठी मिळणारंच औषध घेते, आणि मात्रा धरताना दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करते.

गेल्या वर्षी किडे परत आले तेव्हा तीन आठवडे औषधाला हात लावला नाही. रोज दुपारी दिवे ऐन भरात असताना, किडे वर आलेले असताना, हवेच्या पंपाची बारीक नळी घेऊन बसायचे. नळीचं दुसरं टोक संपवरच्या (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीवरच्या) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळायच्या कापडी पिशवीत: किडे सॉकमध्ये अडकतात, पाणी परत टाकीत. रोज पंधरा मिनिटं. मशरूमच्या कोपऱ्यात प्रवाह वाढवायला एक पॉवरहेड, म्हणजे पाण्यातला छोटा पंप, वाढवला. मोजकेच किडे दिसू लागले तेव्हा रविवारी सकाळी औषध. आदल्या रात्री साठ लिटर पाणी मीठ घालून, ढवळून, तापमान जुळवून ठेवलं होतं. फेसातून घाण काढणारा स्किमर बंद, कार्बन बाहेर. सुटलेला प्रत्येक किडा नळीने ओढून घेतला, मग ताजा कार्बन आणि एक तृतीयांश पाणी बदल. आठवड्याने पुन्हा सगळं तसंच. मासे सगळे राहिले.

सिक्स-लाइन रॅस नावाचा मासा किडे खातो म्हणतात. माझा खायचा, मैत्रिणीचा त्यांच्याकडे बघतही नव्हता. निळी समुद्री गोगलगाय, चेलिडोन्युरा व्हॅरिअन्स, मात्र नक्की खाते, आणि फक्त हेच खाते. किडे संपले की ती उपाशी मरते. म्हणून मी ती आणणार नाही.

आता नवीन काहीही आलं की आधी डिप, म्हणजे किडे काढणाऱ्या औषधी पाण्यात बुडवणं, मग वेगळ्या काचेच्या भांड्यात. सध्या तिथे झोअँथिडचा एक तुकडा आहे, आज एकोणिसावा दिवस. सकाळी भिंगातून पाहताना देठाजवळ एक विटकरी ठिपका सरकताना दिसला. तुकडा पुन्हा डिपमध्ये घातलाय आणि उद्यापासून दिवस एकपासून मोजायचे.