कॅमेऱ्याने जुन्या निगेटिव्ह डिजिटल करताना : माझा अनुभव

३५ मिमी निगेटिव्हवरच्या एका फोटोचं माप ३६ बाय २४ मिलिमीटर. माझ्या निकॉन डी५३०० चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. म्हणजे पूर्ण फोटो सेन्सरवर बसवायचा तर तो ०.६५ पटीने टिपायला हवा. हा आकडा आधी काढला म्हणून पुढची बरीच खरेदी वाचली. ‘निगेटिव्ह कॉपी करायला १:१ मॅक्रो लेन्स लागतेच’ असं सगळीकडे सांगतात, पण ते फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी, म्हणजे ज्याचा सेन्सर निगेटिव्हवरच्या फोटोएवढाच असतो. माझ्यासारख्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवाल्याने त्यापायी जादा पैसे घालू नयेत.

फ्लॅटबेड स्कॅनरचा विचार मी सोडला, कारण त्याच्या खोक्यावर छापलेलं रिझोल्यूशन आणि निगेटिव्हमधून प्रत्यक्ष मिळणारा तपशील यांत फार अंतर असतं. २४ मेगापिक्सेलमध्ये रुंदीला ६००० पिक्सेल मिळतात. कडेला थोडी जागा सोडली तरी इंचाला ३९०० च्या आसपास पिक्सेल पडतात, आणि त्यातून १२ बाय १८ इंचाची प्रिंट आरामात निघते. घरच्या रंगीत रोलमध्ये याहून जास्त तपशील क्वचितच असतो. स्कॅनरची एक सोय मात्र इथे नाही. इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती आपोआप पुसली जाते, तसं कॅमेऱ्यात होत नाही. म्हणून या पद्धतीत निम्मं काम साफसफाईचं आहे, आणि ते शटर दाबण्याआधीच करायचं असतं.

लेन्स म्हणून मी सेकंडहँड ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निकोर घेतली, एआय-एस प्रकारातली, हाताने फोकस करायची. ती एकटी ०.५ पटीपर्यंत जाते. मागे १२ मिमीची एक्स्टेन्शन रिंग, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणारं पोकळ कडं, लावली की ०.२२ ते ०.७२ पर्यंतचा टप्पा मिळतो आणि ०.६५ त्यात सहज बसतं. डी५३०० वर या लेन्सला मीटरिंग मिळत नाही. इथे मीटर लागतच नाही, एक्स्पोजर हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघून ठरवायचं असतं. ही लेन्स घेण्यामागचं खरं कारण वेगळं आहे. मॅक्रो लेन्सची फोकसची पातळी सपाट असते. ५० मिमी एफ/१.८ वर १२ आणि २० मिमीच्या रिंगा चढवून तेवढंच मोठं चित्र मिळतं, पण मधला चेहरा धारदार आणि कडेची माणसं मऊ होतात. लग्नातल्या ग्रुप फोटोत तर कडेच्या माणसांसाठीच हा खटाटोप असतो!

रिंगा घेताना आणखी एक गोष्ट बघावी. कॅमेरा आणि लेन्स जोडणारे संपर्कबिंदू नसलेल्या स्वस्त रिंगेवर निकॉनची जी प्रकारची लेन्स लावली तर तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, पूर्ण मिटतं. कॅननची ईएफ लेन्स लावली तर ते पूर्ण उघडं राहतं. दोन्ही परिस्थितीत एफ नंबर आपल्या हातात राहत नाही. लेन्सला स्वतःची अ‍ॅपर्चर रिंग असेल तर साधी रिंग चालते, नसेल तर संपर्कबिंदू असलेलीच घ्यावी.

स्टँडसाठी बंद झालेल्या डार्करूममधला एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, शोधावा. त्याचा खांब जड आणि सरळ असतो आणि कॅमेरा वर-खाली सरकवायला दांडा असतो. दिव्याचं डोकं काढून तिथे ट्रायपॉडची प्लेट बसवली की कॉपी स्टँड तयार. शिवाय त्याच्याबरोबर निगेटिव्ह कॅरिअर मिळतो, आणि मला त्याचं मोल खांबापेक्षा जास्त वाटतं. पट्टी धरायला फिल्म सपाट ठेवणारी आणि काच नसलेली इतकी चांगली वस्तू दुसरी नाही. काचेखाली दाबलेल्या फिल्मच्या गुळगुळीत बाजूवर न्यूटन रिंग, म्हणजे तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वलयं उमटतात. ती नंतर कशानेच जात नाहीत. कॅरिअरची खिडकी बरोबर २४ बाय ३६ ची असते, ती कानशीने चारही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर वाढवली आणि घासलेल्या कडांना मॅट काळा रंग दिला. आता फोटोभोवती कोऱ्या फिल्मची बारीक नारिंगी किनार दिसते. रंग काढताना तिचा उपयोग होतो, तो पुढे येईल.

प्रकाशासाठी ९५ च्या वर सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेलं एलईडी पॅनल हवं. मोबाइलची किंवा टॅबलेटची स्क्रीन वापरू नये. तिच्या पिक्सेलची जाळी फोटोत उतरते आणि तिच्या प्रकाशात काही रंग मुळातच तुटक असतात. पॅनलवर ३ मिमीचं दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्याच्यावर ६-७ सेंटिमीटर उंचीवर कॅरिअर, एवढं अंतर ठेवलं की अ‍ॅक्रिलिकवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. पॅनल पूर्ण तेजावरच चालवावं. मंद केल्यावर अनेक पॅनल डोळ्याला न कळेल अशी लुकलुकतात आणि चित्रात आडवे पट्टे येतात. कॅरिअरच्या बाहेरचा सगळा उजेड काळ्या कार्डाने झाकायचा, खोलीतला दिवा बंद करायचा. हे केलं नाही तर भटका उजेड लेन्समध्ये शिरतो. निगेटिव्हचा सगळ्यात गडद भाग, म्हणजे मूळ दृश्यातलं आभाळ किंवा पांढरी साडी, पुरेसा गडद राहत नाही, आणि उलटल्यावर तिथे मेणचट करडेपणा येतो.

कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे की नाही हे मी स्पिरिट लेव्हलने बघत नाही. कॅरिअरच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा, लाइव्ह व्ह्यू चालू करून लेन्सच्या गोल तोंडाचं प्रतिबिंब बघायचं. ते चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा सरळ. इथे घाई करून चालत नाही, कारण एफ/५.६ वर फोकसची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. फिल्म गुंडाळल्यासारखी वळत असेल तर ती आधी बटर पेपरमध्ये घालून जाडजूड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवावी. तरीही बाक राहिलाच तर एफ/८. त्यापुढे जायचं नाही. ०.६५ पटीला एफ/८ चं प्रत्यक्षात एफ/१३ होतं आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, फिल्मचे दाणेच पुसट होऊ लागतात. फोकस करताना चेहरा शोधायचा नाही, दाणे शोधायचे. मूळ फोटो हललेला असला तरी फिल्मचा दाणा धारदार दिसतो, तो दिसला की फोकस लागला.

साफसफाई. सुती हातमोजे, हवेचा रबरी फुगा, मऊ ब्रश, या क्रमाने. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा सूक्ष्म थेंब इमल्शनवर, म्हणजे चित्राच्या थरावर, कायमचा डाग पाडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकणात तर जास्तच, निगेटिव्हवर बुरशीची जाळी चढलेली असते. ती पाण्याने धुवायचा मोह टाळा. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि बुरशीबरोबर फोटोही निघून येतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल तंतू न सुटणाऱ्या कापडावर घेऊन आधी चकचकीत बाजू, मग अगदी हलक्या हाताने इमल्शनची बाजू. जिथे बुरशीने थर खाल्लाय तिथलं चित्र परत येत नाही. एखाद्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म लगेच वेगळी काढावी आणि तिची कॉपी सगळ्यात आधी करावी. अ‍ॅसिटेट कुजू लागल्याची ती खूण आहे. ती शेजारच्या फिल्मलाही लागते.

एक्स्पोजर अख्ख्या रोलला एकच. आयएसओ १००, मॅन्युअल मोड, १४ बिट रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल. निगेटिव्हमध्ये सगळ्यात उजळ भाग कोऱ्या फिल्मचा असतो, त्यामुळे त्या नारिंगी किनारीचा लाल चॅनल हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाच्या जरा अलीकडे थांबेल इतका वेळ ठरवला की त्या रोलमधलं काहीच जळत नाही. चॅनल वेगवेगळे बघणं महत्त्वाचं आहे. नारिंगी थरामुळे निळा चॅनल बराच मागे राहतो, उलटवताना तोच सगळ्यात जास्त ताणला जातो आणि गडबड तिथेच होते. हेच काम आठ बिटांच्या जेपेगवर केलं तर आभाळात पायऱ्या पडतात. डीएसएलआरमध्ये शटर दाबल्यावर आतला आरसा उचलला जातो, त्याचा धक्का १/४ ते १/३० सेकंदाच्या दरम्यान जास्त जाणवतो. म्हणून मी दुसरं अ‍ॅक्रिलिक टाकून वेळ १ सेकंदापर्यंत नेतो आणि २ सेकंदांचा टायमर लावतो. धक्का त्या एका सेकंदात नगण्य ठरतो. सुरुवातीला निगेटिव्ह न ठेवता नुसत्या पॅनलचाही एक फोटो घ्यावा, त्याचा वेळ मात्र कमी करून, म्हणजे तो पांढराफटक होणार नाही. पुढे व्हाइट बॅलन्ससाठी तो लागतो. ३६ फोटोंच्या रोलला सगळं मिळून एक जीबीच्या आसपास जागा लागते.

एडिटिंग डार्कटेबल या मोफत प्रोग्राममध्ये. लाइटरूम वापरणाऱ्यांसाठी निगेटिव्ह लॅब प्रो हे चांगलं प्लगइन आहे, पण ते विकतचं आहे. डार्कटेबलमध्ये २०२० च्या ३.२ आवृत्तीपासून नेगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे आणि घरच्या कामाला ते पुरून उरतं. आधी फिल्मिक, सिग्मॉइड, बेस कर्व्ह, कलर कॅलिब्रेशन ही मॉड्यूल बंद करायची, नाहीतर ती सगळी नेगाडॉक्टरवर कुरघोडी करतात. व्हाइट बॅलन्स नुसत्या पॅनलच्या फोटोवरून घ्यायचा आणि तोच सगळ्यांना चिकटवायचा. मग नेगाडॉक्टरमध्ये फिल्म बेसचा रंग नारिंगी किनारीवरून पिकरने उचलायचा. त्यानंतर डी मॅक्स (निगेटिव्हचा सगळ्यात गडद भाग किती गडद), मग दुसऱ्या टॅबवर सावल्यांतली छटा आणि उजळ भागाचा व्हाइट बॅलन्स, शेवटी प्रिंट एक्स्पोजर (उजळपणा) आणि पेपर ग्रेड (कॉन्ट्रास्ट). हा क्रम पाळावा. पुढची पायरी आधी हलवली तर मागची बदलल्यावर पुन्हा सगळं जुळवत बसावं लागतं.

एका फोटोवर हे नीट बसलं की तीच सेटिंग रोलमधल्या सगळ्या फोटोंवर टाकायची. मग दर फोटोला फक्त प्रिंट एक्स्पोजर आणि पेपर ग्रेड हलवायचे. प्रत्येक फोटोला ऑटो पिकर लावण्याची चूक बहुतेक जण करतात, आणि ती हळदीच्या फोटोंत लगेच उघडी पडते. चौकटभर हळद असते, चेहरे पिवळे, पाट पिवळा, साड्या पिवळ्या. ऑटोला वाटतं रंग बिघडलाय, तो निळा ओततो, आणि नवरीच्या गालावरची हळद राखेसारखी दिसते. अशा वेळी त्याच रोलमधला, त्याच उजेडातला, तटस्थ रंगाची वस्तू असलेला दुसरा फोटो निवडायचा. पांढरं धोतर त्यासाठी घेऊ नये. कपड्यांना नीळ घातलेली असते, तिला पांढरं मानलं की सगळा फोटो पिवळसर होतो. स्टीलची भांडी भोवतालचा रंग दाखवतात. कोरडी शहाबादी फरशी माझ्या कामात सगळ्यात भरवशाची ठरली.

कार्यालयातल्या ट्यूबलाइटखालचे फोटो हा वेगळा विषय. दिवसाच्या उजेडासाठीच्या फिल्मवर ट्यूबलाइट हिरवी उमटते, आणि पुढच्या माणसांवर फ्लॅश पडला असेल तर माणसं नीट आणि मागची भिंत हिरवी असं मिश्रण होतं. एकाच सेटिंगने दोन्ही सुधारत नाहीत. चेहऱ्यांवर रंग बसवून घ्यावा, मग मास्क काढून फक्त मागच्या भागातला हिरवा कमी करावा. थोडा हिरवा राहू दिलेला बरा. पूर्ण काढला की भिंत जांभळट होते.

कृष्णधवल फिल्म, म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू वगैरे, त्या मानाने सोपी. नारिंगी थर नसतो. नेगाडॉक्टरमध्ये फिल्मचा प्रकार बदलायचा आणि ग्रेड बघायची. आग्फा क्लिक थ्री या जुन्या साध्या कॅमेऱ्याच्या ६ बाय ६ सेंटिमीटरच्या निगेटिव्ह मोठ्या असल्या तरी त्याच्या साध्या भिंगामुळे कडा मुळातच मऊ असतात. तिथे तुकड्यातुकड्यांनी फोटो घेऊन ते जोडत बसण्याची गरज मला वाटली नाही, एका फोटोत भागतं.

राहिलेली धूळ रिटच मॉड्यूलने, १०० टक्क्यांवर, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीने. आधी चेहरे आणि आभाळ. गवत, गर्दी, नक्षीदार साडी यांवरच्या धुळीच्या मागे लागू नये, ती प्रिंटमध्ये दिसत नाही.

सोळा बिटांच्या टिफ फाइल सरसकट साठवू नयेत, एक फाइल १४४ एमबीची होते. रॉ आणि तिच्या शेजारची, एडिटिंगची नोंद असलेली एक्सएमपी फाइल ठेवली की पुरतं. फाइलच्या नावात पाकिटाचा क्रमांक आणि फिल्मच्या कडेवर छापलेला फोटोचा क्रमांक, १२ किंवा १२ए जसा असेल तसा, घालावा, म्हणजे पट्टी परत शोधता येते. निगेटिव्ह परत ठेवताना जुनी पीव्हीसीची पाकिटं टाकून द्यायची, ती इमल्शनला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. जूनच्या आधी जेल गरम करून कोरडं करून घ्यायचं, आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवायचा नाही.