तांदळाच्या डब्यावरचा ठेका

आजोबांच्या खोलीचा उंबरठा जेमतेम तीन बोटे उंच आहे; पण तो ओलांडायला त्यांना कधी एक, तर कधी चार-चार मिनिटे लागत होती. मुंबईतल्या डिलाईल रोडच्या बाजूच्या त्या जुन्या चाळीत संडास सामाईक आणि मजल्याच्या टोकाला. खोलीपासून तिथपर्यंतची गॅलरी वीसेक मीटरांची. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची दारे, चपला, पाण्याची पिंपे आणि वाळत घातलेली एखादी गोधडी. ज्या कामासाठी माणसाला घाईने जावे लागते, नेमके त्याच वाटेवर त्यांचे पाय जमिनीला खिळत, आणि या एका गोष्टीने त्या मानी माणसाला आतून पार खचवले होते.

मी गेली अठरा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि त्यांतली बरीचशी वर्षे मेंदूच्या विकारांच्या रुग्णांबरोबर गेली आहेत. हे आजोबा माझे रुग्ण. त्यांच्या आजाराचे नाव कंपवात, म्हणजे पार्किन्सन, असले तरी त्यांच्या हाताला कंप असा फारसा नव्हता; खरा त्रास होता तो पाय गोठण्याचा, ज्याला आम्ही 'फ्रीझिंग' म्हणतो. चालता चालता दार आले, वळण आले, समोरून कोणी आले, की पावले जागच्या जागी थरथरू लागतात, धड पुढे जाऊ पाहते आणि पाय मागेच राहतात. गंमत अशी की चाळीचा लाकडी जिना मात्र हेच आजोबा कठड्याला धरून भराभर चढत. त्यामुळे शेजारी तर जाऊच द्या, घरातल्या एका दोघांनाही वाटत होते की म्हातारा सोंग करतो. मी पहिल्याच भेटीत सगळ्यांना बसवून सांगितले की यात सोंग काही नाही. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना 'आता पाऊल इथे' असे सांगत असते. सपाट जमीन तसे काही सांगत नाही. सपाट जमिनीवर पाऊल कधी उचलायचे हे मेंदूला आतूनच ठरवावे लागते, आणि हे काम बिनबोभाट करणारा मेंदूच्या तळाशी असलेला जो भाग आहे, ज्याला 'बेसल गँग्लिया' म्हणतात, तोच या आजारात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या तुटवड्यामुळे हळूहळू निकामी होत जातो. इशारा बाहेरून मिळाला, तर मेंदूला दुसऱ्या वाटेने काम करून घेता येते.

बाहेरचा इशारा जसा डोळ्यांना देता येतो, तसा कानांनाही देता येतो. संगीतोपचाराचे संशोधक मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली कंपवाताच्या रुग्णांना ठोके ऐकवून चालण्याचा सराव देण्याचे काम प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही पद्धत आमच्या व्यवसायात रुळली आहे. कान आणि पाय यांचे नाते मुळातच फार जवळचे आहे. ठोका कानावर पडला की त्याची खबर मज्जारज्जूपर्यंत पोहोचायला फार हेलपाटे घालावे लागत नाहीत. एवढेच काय, माणूस अगदी स्वस्थ पडून नुसता ताल ऐकत असला तरी मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात, हे २००७ साली जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट या मेंदूच्या अभ्यासकांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखवले होते. मला स्वतःला त्यासाठी चित्रांची गरज कधी वाटली नाही. मी डोंबिवलीहून रोज लोकलने येते; शेजारच्या डब्यात भजनी मंडळ टाळ कुटू लागले आणि पत्र्यावर थापा पडू लागल्या, की आमच्या डब्यातल्या, भजनाशी काही देणेघेणे नसलेल्या, भाजी निवडत बसलेल्या बायकांच्याही टाचा हलू लागतात. कोणी ठरवून हलवत नाही, आणि लक्षात आणून दिले तर बहुतेक जणी ओशाळून पाय थांबवतात.

तर आजोबांसाठी मी मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टिकटिक करणारे यंत्र, काढला, आणि इथेच माझी चूक झाली. पंधरा सेकंद घड्याळ लावून त्यांची पावले मोजली, ती मिनिटाला ११६ भरली. आखूड, घसटत पडणारी, घाईघाईची पावले. रुग्णाच्या चालीपेक्षा ठोका दहाएक टक्क्यांनी वाढवून द्यायचा, अशी एक सवय हाताला बसलेली असते, त्या सवयीने मी १२८ लावले. ज्यांचे पाय गोठतात त्यांना उलट दहा टक्क्यांनी सावकाश ठोका मानवतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण दिवसातले सातवे घर होते आणि मी सवयीवर विसंबले. परिणाम व्हायचा तोच झाला. त्या टिकटिकीच्या मागे धावताना आजोबांची पावले आणखी आखूड झाली आणि गॅलरीच्या तिसऱ्या दारापाशी ते ठार उभे राहिले. दुसऱ्या भेटीत मी ठोका १०४ वर आणला. पाय थोडे सुटले, पण चालण्यात जीव नव्हता. आजोबांनी कठड्याला टेकून मला विचारले, "म्याडम, घड्याळाच्या मागनं कोन चालतंय?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी आपले फाइलमध्ये लिहिले : सूचना समजते, प्रतिसाद मर्यादित.

तिसऱ्या भेटीचा दिवस श्रावणातला होता. सकाळी साडेदहाला पोहोचले, तेव्हा गोळी घेऊन तास झाला होता आणि गोळीचा अंमल चांगला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झाले ते गोळीच्या खात्यावर टाकता येणार नाही. आजी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. आजोबांच्या कमरेला पट्टा बांधला, त्यांना उभे केले, उंबरठ्यापाशी आणले आणि मोबाइल काढला, तर तो पार बंद पडलेला. गोळीचा अंमल असूनही पाय गोठलेलेच होते. टाळ्या वाजवाव्यात, तर माझा एक हात पट्ट्यावर गुंतलेला. मी तोंडाने "एक, दोन, एक, दोन" म्हणू लागले आणि आजोबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मीच थांबले.

"त्याने न्हाय हलायचे ते," आजी म्हणाल्या. त्यांनी सुपातले तांदूळ खाली ठेवले, शेजारचा पत्र्याचा रिकामा डबा मांडीवर ओढला आणि त्यावर थाप मारली.

ठेका आठ मात्रांचाच होता, केरव्याच्या घरातला, पण चालीचा खास कोकणी. पहिली थाप तळव्याने भरीव, मग बोटांच्या दोन हलक्या टिचक्या, मग एक जागा मोकळी, आणि पुन्हा थाप. ती मोकळी जागा मी नीट ऐकली, कारण नेमक्या त्या जागेत आजोबांचा डावा गुडघा वर आला. थाप पडली तेव्हा पाऊल उंबरठ्याच्या पलीकडे टेकलेले होते. मग उजवे. मग डावे. पाऊल घसटत नव्हते. टाच आधी पडत होती आणि टाचेचा आवाज फरशीवर येत होता. मी पट्टा धरून मागे मागे चालत होते आणि माझ्याच नकळत माझेही पाऊल त्याच थापेवर पडत होते.

आजोबा संगमेश्वराकडचे. ८२ च्या संपापर्यंत गिरणीत साळखात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि गौरी-गणपतीला गावी जाऊन जाखडी नाचायचे. गोलात नाचणारे गडी, मधे बसलेले गाणारे, ढोलकी, झांज आणि पायांतले चाळ. हे सगळे मला दोन भेटींत कोणी सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. कोणत्या गोळ्या, किती वाजता, झोप कशी, पोट साफ होते का, एवढे सारे विचारले. पाय कशावर नाचले आहेत, हे विचारायचे राहिले.

मेट्रोनोमचा ठोका आणि आजींचा ठेका यांत फरक काय, हे मी नंतर पुष्कळ घोळवले. शरीर ठोका ऐकून मग हलत नाही. ठोका येणार हे धरून ते आधीच निघालेले असते. माणसाला सरळ ठोक्यावर बोट आपटायला सांगितले, तर त्याचे बोट सहसा ठोक्याच्या किंचित आधी पडते, सेकंदाच्या काही शतांश भागांइतके आधी. एखादा नुसता पाठलाग करत असता, तर बोट नेहमी मागून पडले असते. आता मेट्रोनोमच्या दोन ठोक्यांमध्ये पोकळी असते, त्यात पुढच्या ठोक्याची चाहूल देणारे काही नसते; ठेक्यातल्या टिचक्या मात्र सांगत असतात की थाप जवळ आली, आता आली. आपल्याकडे विलंबित ख्यालात दोन मात्रांमधले अंतर एवढे वाढते की कोणाच्याही शरीराला ते नुसते पेलवणार नाही, म्हणून तबलजी मधली जागा बोलांनी भरत राहतो. तीच ही गोष्ट. आणि त्या चाहुलीवर आजोबांच्या पायांनी तरुणपणी कितीतरी रात्री काढलेल्या होत्या.

गॅलरीच्या मध्यापर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा मी घड्याळाकडे पाहून थापा मोजल्या. पंधरा सेकंदांत २५, म्हणजे मिनिटाला १००. आजींनी कोणताही हिशेब न करता ठोका नेमका खाली आणला होता. नवऱ्याबरोबर पन्नास वर्षे चाललेल्या बाईला तो हिशेब लागत नसावा.

मग पोरे आली. मजल्यावर दहीहंडीच्या सरावाचे वारे होतेच. ठेका ऐकून चार जण दारांतून बाहेर आले, एकाने प्लास्टिकची बादली उलटी केली, दुसऱ्याने कठड्याच्या लोखंडावर चमचा धरला. मला आवरता आले असते, पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही ते हवेहवेसे वाटत होते. आजोबांच्या चेहऱ्यावर, जो या आजारात मुखवट्यासारखा स्थिर झालेला असतो, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले होते. पण चार जण मिळून वाजवू लागले की लय चढते, हे कोणत्याही ढोलपथकाला विचारा. जाखडीत तर ती चढवायचीच असते. बघता बघता ठेका दुगणीकडे, म्हणजे दुप्पट लयीकडे, निघाला, आजोबांचे शरीर त्याच्या मागे गेले आणि पाय मागे पडले. पावले आखूड झाली, धड पुढे झुकले, चालण्याचे धावणे झाले. ज्यांचे नाव या आजाराला मिळाले त्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या आपल्या निबंधात या रुग्णांच्या बाबतीत नेमके हेच नोंदवले आहे : पुढे वाकण्याकडे आणि चालीवरून धावेवर जाण्याकडे असलेली ओढ. ते वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या दिवशी ते माझ्या हातातल्या पट्ट्याला हिसका देऊन गेले. मी दोन्ही हातांनी त्यांना मागे ओढले, माझा खांदा पिंपावर आपटला, आणि "थांबवा!" असे मी एवढ्या मोठ्याने ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

कोणाला लागले नाही, माझ्या खांद्याशिवाय. पोरे गोरीमोरी झाली. आजोबा पिंपाला धरून धापा टाकत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते, कारण वेगाने पावले आखूड होतात हे पहिल्या भेटीत १२८ च्या ठोक्याने मला दाखवून दिलेलेच होते.

तेव्हा आजी खोलीतून डबा घेऊन गॅलरीत आल्या, पोरांकडे ढुंकूनही न पाहता भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पुन्हा सुरुवात केली, पहिल्यापेक्षाही सावकाश. आठ मात्रांचे एक आवर्तन त्यांनी नुसते वाजू दिले. मी "चला" म्हणणार होते, पण आजोबांनी हाताने मला गप्प केले. दुसरे आवर्तनही गेले. ते उभ्या उभ्याच अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकत होते, जसे नाचणारे गोलात शिरण्याआधी टाकतात. तिसऱ्या आवर्तनाच्या थापेवर त्यांनी पाऊल उचलले आणि संडासाच्या दारापर्यंत एकदाही न अडखळता गेले. अडखळले ते दारात, वळताना. तिथे अजूनही अडखळतात.

त्या दिवसानंतर मी त्यांच्या कार्यक्रमातून मेट्रोनोम काढून टाकला. आजींच्या ठेक्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर करून दिले, १०० च्या लयीत, कारण त्या बाजारात गेल्या की आजोबांनी काय करायचे हा प्रश्न होता. प्रत्येक वेळी दोन आवर्तने उभे राहून ऐकायची, भार बदलायचा आणि तिसऱ्याला निघायचे, हा नियम मात्र आजोबांचा; मी तो फक्त लिहून घेतला. पोरांना मजल्यावर वाजवायला बंदी आहे.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा मी दारात बसून नुसते पाहत होते. आजी वाजवत होत्या, आजोबा गॅलरीतून निघाले होते, आणि तेवढ्यात चुलीवरचे, म्हणजे गॅसवरचे, दूध वर आले. आजी डबा टाकून धावल्या. ठेका थांबला. मी उठले, पण आजोबांचे पाय चालतच होते. सहा, सात, आठ पावले, त्याच लयीत, जणू थाप अजून पडत होती. नवव्याला ते डगमगले आणि थांबले. मी पुढे होणार तोच त्यांच्या ओठांतून पुटपुटणे ऐकू आले. मान किंचित हलत होती, आणि ते तोंडातल्या तोंडात ढोलकीचे बोल म्हणत होते, मधली मोकळी जागा सोडून.

आजी गॅस बंद करून, हात पुसत दारात आल्या, तेव्हा गॅलरी रिकामी होती आणि टोकाला कडी लागल्याचा आवाज आला.

"गेले?" त्यांनी मला विचारले, आणि डबा उचलून त्यात तांदूळ भरू लागल्या.