निकितिनचा घोडा आणि आमची व्हायवा

"हे नेमकं कोणत्या विषयात बसतं?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खुर्ची ओढतानाच विचारलं.

एम.ए. रशियनच्या प्रबंधाची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. मार्गदर्शक मी. विषय साहित्याचा आणि राजकारणाचाही, म्हणून एक परीक्षक साहित्याच्या बाई आणि एक आंतरराष्ट्रीय संबंधांचे सर, असा आग्रह मीच धरला होता. आमच्याकडे असे प्रबंध अधांतरीच राहतात. साहित्यवाले म्हणतात हा इतिहास, राज्यशास्त्रवाले म्हणतात हे साहित्य.

विद्यार्थिनी अलिबागकडची. रेवदंड्याच्या शाळेतलं अफानासी निकितिनचं स्मारक तिनं लहानपणापासून पाहिलेलं. हा रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी, वास्को द गामाच्या आधी होर्मुझमार्गे एक घोडा घेऊन चौलला उतरलेला. 1955 साली त्वेरला, म्हणजे तेव्हाच्या कालिनिनला, त्याचा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव आणि बुल्गानिन भारतात येऊन गेले, आणि 1957 मध्ये निकितिनवरचा भारत-सोव्हिएत सहनिर्मितीचा चित्रपट 'परदेसी' आला. तिचा प्रश्न साधा होता: एवढा कुरकुऱ्या माणूस भारत-सोव्हिएत मैत्रीचा दूत झाला कसा?

कुरकुऱ्या हे मी उगाच म्हणत नाही. जुन्नरला पावसाळ्यात चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो आपल्या प्रवासवर्णनात लिहितो. तिथल्या असदखानानं त्याचा घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, मुदत चार दिवस. एका खुरासाणी ओळखीच्या मध्यस्थीनं तो सुटला. इथं घोड्यांना साखर-तूप घातलेली खिचडी शिजवून घालतात, हेही त्यानं टिपलंय. येताना वाटेत, रशियातच, आस्त्राखानजवळ लूट झाली त्यात त्याची पुस्तकं गेली. त्यामुळे ईस्टर कधी, हेच त्याला कळेना, आणि प्रवासाच्या सालांवर अभ्यासक आजही भांडतात.

या प्रवासवर्णनाचा मजकूर जुन्या रशियनमधला, पण मधूनच तो तुर्की-फारसी-अरबीत शिरतो, तेही सिरिलिक लिपीत. आमच्या मुलांना तिथं भिंत लागते. ही पोरगी उतारे घेऊन फारसीच्या मास्तरांकडे जाऊन बसली. त्यांनी वेळ दिला, हौसेनं दिला. एरवी भाषा विभागातली माणसं एकमेकांच्या दाराशी फिरकत नाहीत.

"म्हणजे मैत्री खोटी, असं म्हणायचंय?" सरांनी विचारलं.

"नाही सर. मैत्री दोन्ही सरकारांना हवी होती. निकितिनला कुणी विचारलं नव्हतं." आणि तिनं उतारा वाचला: मला फसवलं, रशियाच्या कामाचा माल इथं नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, पण जकाती फार आणि समुद्रावर चाचे फार.

सर म्हणाले, सैद्धांतिक चौकट दिसत नाही. सॉफ्ट पॉवर, म्हणजे बळाऐवजी संस्कृतीतून पाडलेला प्रभाव, हा शब्द एकदा आला असता तर त्यांचं समाधान झालं असतं. मूळ मजकूर त्यांनी उघडला नव्हता. एका बैठकीत संपतो तो!

मग बाईंनी विचारलं, "बिदरचं काय?"

बिदरला निकितिननं लोकांना सांगून टाकलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून खाणंपिणं, व्यापार, पूजा काहीच लपवलं नाही. बायकाही त्याच्यासमोर पडद्यात राहिनात. प्रबंधात हे सगळं तळटिपेत होतं.

"ती माणसं होती, सरकारं नव्हती," ती म्हणाली. "माझा प्रश्न सरकारांचा होता."

बाई हसल्या, सरांनी काहीतरी लिहून घेतलं. गुण बरे पडले.

मला मात्र ते उत्तर पटत नाही आणि खोडताही येत नाही. दोन देशांत काय घडलं हे शोधताना जे खरोखर घडलं तेच तळटिपेत जावं? पण त्या बिदरकरांना कुणाच्या परराष्ट्र धोरणात कोंबायचं तरी कशाला?

नंतर कँटीनमध्ये आम्ही यावरच वाद घातला. निकितिन पुढे त्याच लोकांबरोबर शिवरात्रीला श्रीशैलच्या जत्रेला गेला, तो पर्वत त्याला त्यांचं जेरुसलेम वाटला, ते कसं सोडतेस, मी म्हटलं. पीएच.डी.ला बिदर घे.

"मग फारसी शिकावी लागेल."

"तुर्कीसुद्धा," मी म्हटलं.