रंग आला नाही

सुक्कोथचा, आम्हा ज्यूंच्या मांडवांच्या सणाचा, चौथा दिवस. सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही आणि कारण म्हणाल तर एवढंसं.

काल रात्री माझ्या नातीने, हदसने, लुलावच्या, म्हणजे सणाला हातात धरायच्या फांद्यांच्या, जुडीतली तिच्याच नावाच्या झाडाची एक काडी गुपचूप ओढून घेतली. पानं खलबत्त्यात कुटली, वर लिंबू पिळलं, लगदा तळहातावर थापला आणि दुधाची रिकामी पिशवी बांधून झोपून गेली. सकाळी हात धुतला तर तळवा कोरा. मनगटाशी एक हिरवट ओघळ होता, तोही साबणाने गेला. हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजी, रंग नाही आला. तू तर म्हणाली होतीस माझं नाव म्हणजे मेंदी."

जुडीत हदसच्या तीन काड्या लागतात, उरल्या दोन. जावई काही न बोलता नवीन पाकीट आणायला गेले. लेक मात्र बोललीच. "अगं आई, दोन्ही झाडं वेगळी. तिला कशाला असलं काही सांगतेस?"

मी सांगितलं, कारण मला आईने सांगितलं होतं. आईला आजोबांनी. एस्तेर राणीचं खरं नाव हदस्सा, हदसच्या झाडावरूनच, आणि आजोबांच्या मराठी बायबलात त्या झाडाला मेंदी म्हटलेलं. त्यातल्या यशयाच्या पुस्तकात काट्यांच्या जागी मेंदी उगवेल असं येतं, ती ओळ त्यांच्या फार आवडीची. आई कागदोपत्री एस्तेर, पण रेवदंड्याच्या घरात तिला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. "मेंदे, अगो मेंदे!" अंगणाच्या कडेला मेंदीचं कुंपण होतं. लग्नाआधी त्याच कुंपणाची पानं वाटून तिचे हात रंगवले. मलिदाच्या, आमच्या गोड पोह्यांच्या प्रसादाच्या, ताटाशी बसलेली, लाल हातांची आई मी पाहिलेली नाही, पण मला ती पाहिल्यासारखीच आठवते.

आणि आता म्हणे वेगळी झाडं.

वेगळी आहेत, हे मला का माहीत नाही? इतकी वर्षं दर सणाला हदस हातात घेते. हदस म्हणजे मर्टल, आपल्याकडे तिला विलायती मेंदी म्हणतात. भाषांतर करणाऱ्यांनी 'विलायती' गाळलं असेल, नाहीतर वाचणाऱ्याच्या अंगणात जे होतं तेच नाव दिलं असेल. खरी मेंदी तनाखमध्ये, आमच्या धर्मग्रंथात, आहेच, पण 'कोफेर' नावाने. त्यातल्या गीतरत्नात मृत समुद्राकाठच्या एन गेदीच्या मळ्यांत तिचे फुलोरे आहेत. इथून, इस्रायलमधल्या दिमोनाहून, एन गेदी काही फार लांब नाही. म्हणजे आईचं खरं झाड याच वाळवंटाच्या काठाला होतं आणि आम्ही तिला दुसऱ्याच झाडाच्या नावाने ओळखत राहिलो. आजोबांचं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण रंग आला नाही, हेही खरं.

दुपारभर हेच घोळत राहिलं. या घरात मराठीत हाक मारणारी मी एकटीच उरले आहे. माझ्याबरोबर एकेक शब्द असाच कोरा होत जाणार का? पोरीने तळवा दाखवला तेव्हा मला वाटलं, ती आईचीच तक्रार माझ्याकडे घेऊन आली आहे. आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिथे नव्हते. ते राहू दे.

चार वाजता चहा घेऊन उरलेल्यातली एक काडी हातात घेतली. सणाची हदस पारखून घ्यावी लागते, एका पेरातून तीन पानं सारख्या उंचीवर फुटलेली हवीत. पान निमुळतं, डोळ्याच्या आकाराचं, वरून चकचकीत. सहज खिडकीशी उजेडात धरलं तर आत बारीक बारीक टिपके, सुईने टोचल्यासारखे आणि उजेडाने भरलेले. तेलाचे थेंब ते, वास तिथेच असतो. चुरगळलं आणि एकदम रेवदंडा आलं. मेंदीचं कुंपण नाही, मागच्या दारचं जांभळाचं झाड. तोच तुरट, ओला, नाकात चढणारा वास. जांभूळ, पेरू, लवंग, ही सगळी हदसच्याच कुळातली. हेही मला माहीत होतं, पण नाकाला आज कळलं.

हदसला जवळ बोलावून पान उजेडात धरायला लावलं. ती कितीतरी वेळ एक डोळा मिटून बघत राहिली. मग दुसरं पान, मग तिसरं. तिला सांगितलं, या पानाला वास असतो, चव नसते, रंगही नसतो. आमचे जुने रब्बी, म्हणजे धर्मपंडित, म्हणत, अशी माणसं असतात, शिकलेली नसतात पण हातून चांगलं घडतं. तिने तळवा हुंगला. कालचा वास अजून थोडा होता.

"मग पणजीला मेंदी का म्हणायचे?"

"तिच्या बाबांना ते नाव फार आवडायचं."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं. माझं झालं की नाही, बघते. काड्या सणानंतर टाकायच्या नाहीत, वाळवून हवदालाच्या, म्हणजे शब्बाथ सरतानाच्या विधीच्या, वासाला ठेवायच्या, असं ठरवलं. आणि ठाण्याला ताईला निरोप पाठवलाय, येणाऱ्या कुणाबरोबर घरच्या मेंदीची पूड दे, बारीक चाळून, पाव किलो तरी.

पोरीच्या हाताला रंग यायला हवा.