तुम्ही विचारलंत म्हणून: माफी मागितली की झालं का?

"तुमच्यात बरं आहे. चर्चमध्ये जाऊन कबूल केलं की पाप फिटलं." माझं सगळं आयुष्य इंदुरात गेलं आणि हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं याची गणती नाही. ऑफिसात ऐकलं, पंगतीत शेजारी बसलेल्यांकडून ऐकलं. गेल्या महिन्यात मुलीच्या साखरपुड्याला आलेल्या एका पाहुण्यांनी तर जेवता जेवता विचारलं, "मग तुम्हाला पापाची भीतीच नसेल?" दर वेळी मी विषय बदलत आलो. आज बदलत नाही.

जाळीच्या खिडकीमागचे फादर तुम्ही सिनेमात पाहिलेत. ते कॅथलिकांचं. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचे, आमच्याकडे रविवारी सगळी मंडळी एकत्र पापकबुली म्हणते. आणि कॅथलिकांबद्दलही तुमचा समज चुकीचाच आहे. तिथे मनापासून दुःख लागतं, पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो, आणि चोरी केली असेल तर ज्याची वस्तू त्याला परत करावी लागते.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, आणि हे मी आजवर कुणापाशी कबूल केलेलं नाही. अकरा वर्षं मी तुम्ही म्हणता तसाच ख्रिस्ती होतो.

इंदूरची आमची उपासना हिंदीत चालते, घरी मात्र आईचं मराठी बायबल. त्यामुळे येशूचा पहिला उपदेश मी लहानपणापासून दोन तऱ्हांनी ऐकला. आई वाचायची, "पश्चात्ताप करा." पादरीसाहेब वाचायचे, "मन फिराओ." मला मराठी शब्द जवळचा वाटायचा. पश्चात म्हणजे नंतर, ताप म्हणजे पोळणं. हिंदी शब्द कानाला खटकायचा, कारण मराठीत मन फिरलं म्हणजे माणूस विटला, उलटला. पुढे कळलं की मूळ ग्रीक शब्द मेटानोइया, आणि त्यात पोळणं नाही, मन पालटणं आहे. त्याच्याही मागे इब्री (हिब्रू) संदेष्ट्यांचं 'शूव' आहे, म्हणजे परत फिर. चुकीच्या रस्त्याला लागलेल्याला मागून हाक मारावी तसं. लॅटिनमध्ये जाताना त्याचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असा होऊन बसला. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ साली ९५ मुद्दे मांडले, त्यातले पहिले दोनच याबद्दल आहेत: ख्रिस्ताला विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं हवं होतं, आणि हा शब्द पाद्र्यापुढच्या विधीपुरता समजू नये.

हे सगळं मला पाठ होतं. मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचो.

१९९४ साल. मिल बंद पडल्यापासून मी घरी बसलेलो, दोन्ही मुलांची फी थकलेली. ताईचं सासर बडोद्याचं. तिने आपल्या साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या आईकडे सांभाळायला ठेवल्या होत्या. आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. पाटल्या मी सराफ्यात नेऊन मोडल्या. पुढच्या उन्हाळ्यात ताईने विचारलं तेव्हा म्हणालो, "आईने केव्हाच मोडल्यात, आजारी पडायच्या आधीच."

फीचं कारण खरं होतं. आजही मी ते खोटं म्हणणार नाही. ताईकडे मागितल्या असत्या तर तिने दिल्या असत्या, हेही तेवढंच खरं.

ताई आईच्या खाटेपाशी गेली. मी दारात उभा होतो. ती म्हणाली, "आई, एका शब्दाने विचारायचं तरी होतंस गं." आईने मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. घशातून आवाज काढला. डावा हात उचलून कपाटाच्या दिशेने नेला. कपाटाशेजारी माठ होता. ताईला वाटलं, पाणी मागतेय. तिने भांडं भरून आणलं, मानेखाली हात घालून आईला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि बॅग उचलून निघाली. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी तिला रिक्षा आणून दिली.

त्यानंतर ताई आली ती १९९९ मध्ये, आईच्या दफनाला.

या सगळ्या काळात मी देवाची माफी मागत होतो. रडत होतो, ते नाटक नव्हतं. माझं आवडतं बायबलातलं स्तोत्र ५१वं, दावीद राजाचं. त्याने शेजाऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवलं, आणि नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर दावीद देवाला म्हणतो की तुझ्याविरुद्ध, फक्त तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. त्या 'फक्त'मध्ये मी राहायला गेलो होतो. माझं आणि देवाचं काय ते आमच्यात, ताईचा संबंधच नाही. पण उरीया मेलेला होता, दाविदाला त्याच्याकडे जाता येत नव्हतं. ताई बडोद्याला होती, एका रात्रीच्या गाडीवर.

२००५ साली ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी आमच्या पादरीसाहेबांना सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला: वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मला राग आला. मी म्हणालो, "पण ताईच्या मनात माझ्याविरुद्ध काहीच नाही. तिच्या मनात आहे ते आईविरुद्ध." ते काही बोलले नाहीत. मी काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं.

साडेतीन तोळ्यांच्या नव्या पाटल्या घडवल्या आणि अवंतिका एक्सप्रेसने निघालो. गाडी बडोद्याला अपरात्री उतरवते, म्हणून उजाडेपर्यंत प्लॅटफॉर्मवरच बसून होतो. बायबलातला जक्कय जकातदार आठवत होता. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो, असं तो म्हणाला आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. मला वाटत होतं, माझंही तसंच व्हावं.

ताईने डबी उघडलीसुद्धा नाही. "सोनं राहू दे," म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "मी तिला पाणी पाजलं आणि उठून गेले. तिला बोलायचं होतं रे." दुपारी तिने मला पान वाढलं. स्वतः जेवली नाही. डबी माझ्या पिशवीत परत ठेवून दिली.

आता तुमचा प्रश्न. देवाने मला माफ केलं का? केलं, असं मी मानतो, आणि त्यासाठी मी काही मोजलेलं नाही. येशूच्या दृष्टांतात बापाचा पैसा उडवून परतणाऱ्या उधळ्या मुलाने घरी जाऊन म्हणायचं माफीचं वाक्य पाठ केलं होतं, ते पुरं व्हायच्या आत बापाने त्याला अंगरखा आणवला. माझा विश्वास यावरच उभा आहे, तो मी सोडणार नाही. पण त्याच गोष्टीत थोरला भाऊ बाहेर उभा राहतो, आत यायला तयार नसतो. बाप त्याची समजूत घालतो आणि ती लिहिणारा लूक तिथेच गोष्ट थांबवतो. भाऊ आत आला की नाही, ते सांगत नाही. पूर्वी मला तो थोरला कद्रू मनाचा वाटायचा. आता त्याच्याकडे तसं बघवत नाही.

"पैसे परत केलेत ना, मग झालं," असंही काही जण म्हणतात. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्यानेही त्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली होती, आणि 'निर्दोष माणसाला धरून दिलं' असं स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता. मत्तयाने तिथे मेटानोइयाचं क्रियापद वापरलेलं नाही, पस्तावण्याचं दुसरंच वापरलं आहे. यहूदा पस्तावला आणि जाऊन गळफास घेतला. पेत्र हा शिष्यही येशूला ओळखत नाही असं म्हणून नंतर रडला, पण तो राहिला, येशूने 'माझ्यावर प्रेम करतोस का' असं विचारायची वेळ येईपर्यंत राहिला. दोघांत एवढाच फरक असेल का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

ताई नाताळला फोन करते. आईचा विषय निघत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट नव्याने लक्षात आली. ताईच्या दोन्ही मुलींच्या लेखी आजी अजून तीच आहे, लेकीच्या पाटल्या न विचारता मोडणारी. ताईने त्यांना काही सांगितलेलं नाही, आणि ते सांगणं तिचं कामही नाही. थोरलीला मी घरी जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आजीचा एखादा फोटो आहे का, म्हणून विचारलं. धाकटी डिसेंबरात येणार आहे. तिला अजून सांगायचंय.