उठ, खा

बाबा गेले त्याला या जूनमध्ये दोन वर्षं होतील. मी तेव्हा म्हापशात एकटीच राहत होते, नगरला जाऊन सगळं आटपून परत आले आणि जे दार लावून घेतलं ते चार दिवस उघडलंच नाही. संडे स्कूल, उपासना, घरातली संध्याकाळची प्रार्थना, हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, पण तेव्हा बायबलला हात लावावासा वाटेना. फोनवर सगळे वचनं पाठवत होते. देवाची इच्छा, देवाला जास्त कळतं, आता ते चांगल्या जागी आहेत. प्रेमानेच पाठवत होते, पण वाचलं की अजूनच एकटं वाटायचं.

चौथ्या दिवशी आमच्या घरमालकीण वर आल्या, आम्ही भाडेकरू सगळे त्यांना माई म्हणतो. बाहेर धो धो पाऊस. छत्री कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाल्या, "पेज हाडल्या गो, खा." टोपात उकड्या तांदळाची पेज, बशीत मिठातला तोर, म्हणजे खारवलेली कैरी. मी खाईपर्यंत समोर स्टुलावर बसून राहिल्या, एक शब्द नाही. मग टोप धुतला, मला झोप म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, परत पेज.

पुष्कळ दिवसांनी बायबल उघडलं ते १ राजेच्या १९ व्या अध्यायावर. एलीया. ही गोष्ट मला पाठ होती पण या वेळी वेगळीच वाचली गेली. एवढा मोठा संदेष्टा, नुकताच कर्मेल डोंगरावर सगळ्यांसमोर उभा राहिलेला, आणि ईजबेल राणी जीव घ्यायला निघाली म्हणून पळत पळत रानात येतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे देवा, माझा प्राण घे. आणि झोपून जातो. देव त्याला रागावत नाही, तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. दूत येऊन त्याला हात लावतो आणि म्हणतो, उठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो आणि परत झोपतो, आणि दूत दुसऱ्यांदा येतो, परत खाऊ घालतो, कारण तुला लांबचा प्रवास आहे म्हणतो. देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर, तेही मंद आवाजात. आधी भाकर, आधी झोप.

आपल्या मराठी बायबलमध्ये येशूसाठी कळवळा हा शब्द वारंवार येतो. मूळ ग्रीक शब्द निघालाय तो आतड्यांच्या शब्दावरून. हे कळलं तेव्हा मला आश्चर्य नाही वाटलं, कारण आपल्याकडे आतडं तुटतं असंच म्हणतात ना, पोटात कालवतं म्हणतात. म्हणजे ही लांबून केलेली दया नाही, आत पीळ पडतो त्याला. आणि माई प्रार्थनेत 'काकळूत कर' म्हणतात, कोकणीत काकळूत म्हणजे दया. मराठीत आपण काकुळतीला येतो, म्हणजे मागणारा येतो, तिकडे तोच शब्द देणाऱ्याकडे गेलाय. मला हे फार आवडतं. गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत १६१६ साली रायतूरला छापली गेली, तेव्हापासून या दोन भाषा या एकाच गोष्टीभोवती शेजारीशेजारी आहेत.

आपला मित्र लाजर याच्या कबरीजवळ येशू रडला. योहान ११. त्याला माहीत होतं की थोड्याच वेळात आपण लाजरला जिवंत करून बाहेर बोलावणार आहोत, तरी लाजरच्या बहिणीला, मरीयेला, रडताना बघून तो आधी रडला. शेवट चांगला होणार आहे म्हणून आत्ताचं रडणं त्याने खोडून काढलं नाही. मला फोनवर आलेल्या त्या सगळ्या वचनांत नेमकं हेच नव्हतं.

पण एक बोलायलाच हवं. सगळ्यांनाच लाजर परत मिळत नाही. इब्री ११ मध्ये विश्वास ठेवणाऱ्यांची यादी आहे, त्यात सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत आणि करवतीने चिरलेलेही आहेत, एकाच यादीत. आणि ८८ वं स्तोत्र तर अंधार या शब्दावरच संपतं, शेवटी उजेड येत नाही. तरीही ते बायबलमध्ये ठेवलंय, कोणी त्याला शेवटी दोन गोड ओळी जोडल्या नाहीत. ज्या रात्री मला काहीच म्हणता येत नव्हतं त्या रात्री मी तेच म्हणत होते.

नाईन गावची विधवा तर काही मागतही नाही. लूक ७. एकुलता एक मुलगा, तिरडी वेशीतून बाहेर निघालेली, ती मागून रडत चाललेली. येशूला तिचा कळवळा येतो, रडू नकोस म्हणतो, तिरडीला हात लावतो. मुलगा उठून बसतो आणि बोलायला लागतो, पण माझं लक्ष दरवेळी पुढच्या वाक्याशी अडतं. येशूने त्याला त्याच्या आईजवळ दिलं.

बाबा मला या जन्मात कोणी परत देणार नाही हे मला माहीत आहे. पण आता ते वाक्य वाचताना मला मुलापेक्षा ती आई जास्त दिसते, सकाळपासून काही खाल्लं नसेल तिने.