तुम्ही विचारलंत म्हणून: गाजरावरची अंगठी

"मामा, गोळी काडतुसाच्या पुंगळीत बसली की तिचं बूड दिसतच नाही. मग किती आत गेली हे मोजता कसं ओ?"

अमेरिकेत लेकीकडे राहून आल्यापासून उद्यमबागेत चहाला थांबलो की हे कुणीतरी विचारतंच. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचं गाव, त्यामुळे विचारणाऱ्यांत निवृत्त जवानही असतात. माझी हयात इथल्या टूलरूममध्ये तपासणीच्या टेबलावर गेली, आणि जावई तिकडे नेमबाजीसाठी रायफलची .३०८ या मापाची काडतुसं स्वतः भरतात, म्हणजे पुंगळीत दारू भरून वर गोळी बसवतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खोली काढायची तर साधी वजाबाकी आहे. समजा पुंगळी ५१ मिलिमीटर, गोळी ३१, आणि बसवल्यावर सगळी लांबी ७१. म्हणजे गोळी ११ मिलिमीटर आत.

पण जावई कॅलिपरने, म्हणजे दोन जबड्यांच्या मापपट्टीने, गोळीच्या टोकापर्यंत मोजत होते आणि पाच काडतुसांत ०.२ मिलिमीटरचा फरक येत होता. दरवेळी ते डायचा, म्हणजे गोळी आत दाबणाऱ्या साच्याचा, स्क्रू फिरवत. मी म्हटलं, थांबा, डायला हात लावू नका. नेमबाजीच्या पोकळ टोकाच्या गोळ्यांचं तोंड सारखं नसतंच. शिवाय डायमधला दांडा टोकावर दाबत नाही, नाकाच्या उतारावर दाबतो. गोळी बरोबर बसत होती, चूक टोकाची होती.

आम्ही मोर्स टेपर, म्हणजे हत्याराचा निमुळता दांडा, तपासताना टोक बघतो का? रिंग गेज, म्हणजे मापाची कडी, चढवतो, ते जिथं अडतं तिथून मोजतो. घरात पोरांना समजावताना मी गाजर घेतो. गाजराचं शेपूट कितीही तुटलेलं असो, अंगठी आपल्या मापाच्या जाडीवरच अडते. रायफलच्या नळीतही तसंच घडतं. नळीच्या आतल्या पिळाचे उंच कंगोरे गोळीला टोकावर भेटत नाहीत, नाकाच्या फुगवट्यावर भेटतात. टोकापर्यंतची लांबी मॅगझिनमध्ये काडतूस मावतं का आणि छापील तक्त्याशी जुळतं का, एवढ्यापुरती बघायची.

म्हणून एक बूश, म्हणजे भोकाची छोटी कडी, घ्यायचा, साधारण ७.६२ मिलिमीटरच्या भोकाचा, आणि तो कॅलिपरच्या जबड्यावर बसवायचा. बूश धरून शून्य करायचं, मग पुंगळीच्या बुडापासून फुगवट्यापर्यंत मोजायचं. हात हलका हवा. जोर दिला की जबडा कलतो आणि कॅलिपर खोटं बोलतो. तीच पाच काडतुसं अशी मोजल्यावर ०.०३ च्या आत आली. जावई बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले, मला फार बरं वाटलं.

हे हौसेपुरतं नाही. गोळी फार आत गेली तर दारूची जागा आकसते आणि दाब वाढतो. फार बाहेर राहून कंगोऱ्यांना टेकली तरी दाब वाढतो. म्हणून छापील तक्त्यातल्या लांबीपासून मनानं हलू नये.

आणखी एक. बुशाचा आकडा फक्त त्याच बुशाशी ताडायचा. दुसऱ्याच्या बुशाचं भोक केसभर मोठं असलं तरी आकडा बदलतो. परवा जावयांचा फोन आला, रायफलला नवी नळी बसवली म्हणाले. मी सांगितलं, नळी बदलली की कंगोऱ्यांची जागाही बदलते, तेव्हा बूश तोच ठेवा आणि वहीतलं जुनं माप खोडा.